निळी पट्टी

"ती लाल रेघ काढून टाका. भिंतीतली भेग दाखवून गाव घाबरवायचंय का?" सभेआधी साहेब माझ्या कानाशी पुटपुटले.

लॅपटॉपवरच्या धरणाच्या चित्रातली ती भेग मीच मोजून आखली होती. पुसायला हात धजेना, म्हणून चित्रातल्या पाण्याची निळी पट्टी कॉपी करून भेगेवर ठेवली.

शाळेच्या हॉलमध्ये धरणाखालचं गाव दाटीवाटीनं बसलं होतं. "धरण भक्कम आहे. आता बघा, उन्हाळ्यात पाणी कसं उतरतं," म्हणत साहेबांनी मला खूण केली. बटणावर बोट ठेवलं आणि आठवलं. मूळ पट्टीला खाली सरकत नाहीसं होण्याचं अ‍ॅनिमेशन होतं. कॉपीतही ते आलं असणार.

"मॅडम, पुढे!"

मी बटण दाबलं. दोन्ही पट्ट्या सरकल्या. पडद्यावर लाल भेग उघडी पडली. साहेबांच्या नजरेत मला माझी बदली दिसली.

मागून धरणाचा चौकीदार उठला. पडद्यापाशी येऊन त्यानं भेगेच्या टोकावर बोट ठेवलं आणि तसंच भिंतीच्या पायथ्यापर्यंत ओढत नेलं.

"मॅडम, तुमचं चित्र जुनं झालं. आज सकाळी ती इथवर आलीय."