डबीवरचं नाव

सोलापुरात कॉलेजच्या हॉस्टेलवर क्षयाच्या तपासणीला आलेल्या इंटर्न मुलीनं बिरूची कफाची डबी उजेडात धरली. आत तंबाखूचा कण होता. बिरूचे दात पांढरेशुभ्र होते. दारात उभ्या मित्राचे काळे. "हा तुझा कफ नाही." ती पेनाचं टोपण सारखं फिरवत होती. बिरूनं खोकला गिळला. "डॉक्टरीणबाई, नाव कळलं की हॉस्टेलातनं काढत्याल. घरची मेंढरं दुष्काळात गेली. जाऊ कुटं?" त्या खोलीत सहाजण झोपायचे. ती उठली, बसली, पुन्हा उठली. मग तिनं नवी डबी घेतली, तिच्यावर स्वतःचं नाव लिहिलं आणि त्याच्यापुढं धरली. "यात खाकरून थुंक. माझ्यासमोर." तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांनी तिच्या नावाचा कागद दिला. क्षय निघाला होता. चहा आला. सगळ्यांचे कप एकत्र विसळणाऱ्या मामांनी आज तिचा कप तेवढा खिडकीत वेगळा ठेवला.