ताटावरचा हात

"पोट भरतंय हो, पण अंगी काही लागत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नुसता मैदा नि साखर! ते पचवायला अंगातलीच जीवनसत्त्वं खर्ची पडतात. बाळ अंगावर पितंय ना अजून?"

मी मान खाली घातली. नवरा परगावी नोकरीला. एकटीसाठी भाकरी थापायचा कंटाळा. बाळाला नाचणीचं सत्त्व भरवून मी ओट्यापाशी उभ्यानंच चहा-खारी खायची.

आज भाकरी केली, मेथीही. ताट वाढून बसले, तर घास उतरेना. शेवटी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन तांब्याला टेकवला.

"एवढीशीच भाजी?" आई तिकडून म्हणाली. "अजून घे गं. माझी शपथ."

मी एका हातानं भाजी वाढली आणि दुसरा हात ताटावर आडवा धरून म्हणाले, "पुरे, पुरे!"