मागच्या सीटवरचा फ्रीज

निवळी फाटा मागे पडला तशी मैनाने पुन्हा एकदा शेजारी वाकून बघितलं. हिरवा दिवा चालू होता.

"आई, तो पळून जायचा नाही," गाडी चालवता चालवता निहार म्हणाला. "पट्टा बांधलाय त्याला."

खरंच बांधला होता. मागच्या सीटवर एका बाजूला मैना आणि दुसऱ्या बाजूला तो नवाकोरा छोटा फ्रीज, पट्टा आवळून, पहिल्यांदाच घरी आलेल्या पाहुण्यासारखा अवघडून बसलेला. त्याची वायर दोन सीटांच्या मधून पुढे जाऊन गाडीच्या सॉकेटात खोचलेली. आत सुरमई, सरंगे आणि वर दोन डझन बांगडे. बर्फ नको, पाण्याची गळती नको, गाडीला वास नको.

ह्या फ्रीजनेच तिला घरातून उठवलं होतं. नवरा गेल्यापासून दोन वर्षं निहार मागे लागला होता, कायमची डोंबिवलीला चल. आणि दोन वर्षं ती एकच कारण पुढे करत होती, तिकडचा शिळा मासा माझ्या घशाखाली उतरत नाय. निहारने ते मुकाट ऐकून घेतलं आणि परवा हा डबा घेऊन जयगडला हजर झाला. "महिन्यातून एकदा येऊ, भरून नेऊ. आता बोल."

आता काय बोलणार? मुलगा चांगला, सून त्याहून चांगली आणि गुडघे वाईट. काल संध्याकाळी तिने जेटीवरची आपली मासे विकायला बसायची जागा धाकट्या जावेला देऊन टाकली. तीस वर्षांची जागा. कमळा म्हणाली, "मी सांभाळीन, वयनी." मैनाला ते जरा जास्तच पटकन म्हटल्यासारखं वाटलं.

सकाळपासून तिला चैन नव्हतं. चप्पल काढायची, परत घालायची. काच खाली, काच वर. संगमेश्वरला तिने पाणी मागून घेतलं आणि प्यायलीच नाही. सूर्य चढला, तसं खिडकीतून ऊन थेट फ्रीजवर यायला लागलं. तिला ते बघवेना. तिने गाठोड्यातून गोणपाटाचा तुकडा काढला, बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि फ्रीजला चारी बाजूंनी गुंडाळून नीट खोचला. जेटीवर टोपली अशीच झाकायची असते. मग कुठे तिला जरा बरं वाटलं.

अकराच्या सुमाराला खेडजवळ चहाला थांबले. पुढच्या सीटवरून उतरलेली सून, नम्रता, मागचं दार उघडून बाटली घ्यायला वाकली आणि तिचा हात फ्रीजला लागला.

"आई, हा गरम कसा लागतोय?"

निहारने गोणपाट ओढून काढलं. आतून इस्त्रीसारखी वाफ आली.

"आई, ह्याचा पंखा मागच्या बाजूला असतो. तू त्याचं नाकतोंड बांधून टाकलंस."

"ऊन लागत होतं त्याला," मैना म्हणाली.

दिवा अजून हिरवाच होता. तिने झाकण उघडलं, सुरमईवर अंगठा दाबला आणि कल्ला उचलून आत बघितलं. तिच्या हातून मासा बिघडायला आला, असं तीस वर्षांत झालं नव्हतं.

"बर्फ घेऊया का?" नम्रताने विचारलं.

"आता बर्फाचा उपेग नाय गो. दुपारी चुलीवर चढला तर गोड लागेल. डोंबिवलीपर्यंत नाय टिकायचा."

"मग टाकून देऊ," निहार म्हणाला. "त्यात काय एवढं."

मैनाने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि गाठोडं उचललं.

टपरीच्या शेजारी आंब्याची सावली होती. तिथे तिने गोणपाट अंथरलं आणि गुडघ्यावर हात देत खाली बसली. गाठोड्यातून सुरी निघाली. कायमची मुंबईकडे निघालेली बाई सुरी कशाला घेऊन निघाली होती, ते कोणी विचारलं नाही. तिने वाटे लावले, बांगड्यांची तोंडं एका दिशेला केली, सुरमईवर पाण्याचा हबका मारला.

"आई, लोक बघतायत," निहार हळूच म्हणाला.

"बघूंदेत. बघितल्याबिगर घेतील कशे?"

पहिली दुचाकी थांबली. मग रिक्षावाला थांबला. मग एसटीची वाट बघणाऱ्या दोघी रस्ता ओलांडून आल्या. "आजच्या आज खा हां, रात्रीला ठेवू नका," मैना प्रत्येकाला बजावत होती. आणि ते ऐकून माणसं आणखीच विश्वासाने घेत होती. नम्रता टपरीवरून रद्दी मागून आणून कागद फाडत बसली. एकाने एक बांगडा वर मागितला. "तुझ्या बायकोला पाठव, तिला देईन," मैना म्हणाली, तसा तो हसत गेला. सुरी चालत होती, खवले उडत होते. सकाळपासून चपलेशी आणि काचेशी चाळा करणारी मैना आता जागची हलत नव्हती.

निहार पाण्याची बाटली घेऊन मागे उभा होता. आईला तो तीन दिवस बघत होता, पण तिचा असा आवाज त्याने दोन वर्षांत ऐकला नव्हता.

शेवटचा सरंगा एका बाईने घेतला. कागद पिशवीत ठेवता ठेवता ती म्हणाली, "खरं बोलून विकणारं माणूस भेटत नाही हो हल्ली. माझं माहेर मालगुंडचं, तिकडे जयगडच्या बाजूचं, म्हणून मला माशातलं कळतं. तुम्ही इथं रोज बसता काय, मावशी?"

मैनाने सुरी पदराला पुसली.

"इथं नाय गो," ती म्हणाली. "माहेराला आलीस की जयगडला ये. सकाळी सातला, जेटीवर. मी असते तिथं."