दोघांचं वजन

मुलाचं वजन एकशे वीस किलो. मोटरसायकलवर त्याच्या मागे बसून वडील उपचारांना जायचे. खड्डा आला की मागचे शॉकअप पार खाली दबायचे आणि वडील कळवळायचे. कॅन्सर हाडांत उतरला होता. शेवटी मुलाने गाडी गॅरेजला आणली.

"दोघांच्या वजनाची कडक स्प्रिंग टाकतो," मेकॅनिक म्हणाला. "यांना दणका बसणार नाही. पण तुम्ही एकटे चालवाल तेव्हा मात्र गाडी चांगलीच आदळेल."

"चालेल. टाका."

स्टुलावर बसलेले वडील हळूच म्हणाले, "त्याच्या एकट्याच्याच मापाची टाका हो. पुढे गाडी त्यालाच चालवायचीय. माझे दणके काय, महिनाभराचे."

मुलगा मेकॅनिकवरच ओरडला, "दोघांची टाका म्हटलं ना!"