ढिली तार

हणमंताचं बायकोला शिकवणं कमी आणि चारचौघांत हसणंच जास्त चाललं होतं. शाळेच्या मैदानाशेजारच्या पारावर बसून कोंडाबाई मघापासून लेकाची ही तऱ्हा बघत होती. सून गिअर टाकायची, मोटरसायकल खाडकन हिसका द्यायची आणि बंद पडायची.

"तुझ्यानं नाही व्हायचं," तो पुन्हा म्हणाला. "डोंगरातल्या दवाखान्याकडं एसटी जात नाही. नर्सबाई, सोमवारच्या आत नोकरीचं पत्र परत करा."

कोंडाबाई उठली. तीस वर्षं ती मोटरसायकलवर नवऱ्याच्या मागं, दुधाच्या कॅनांमध्ये अंग चोरून बसली होती. दर रविवारी तो क्लचची तार आवळायचा, तेव्हा पाना तिच्याच हातात असायचा. तिनं क्लच दाबून पाहिला, तर तो नुसताच सैल लोंबत होता. अशा ढिल्या तारेवर खुद्द हणमंतालाही गिअर नीट टाकता आला नसता. सकाळी तो पाना घेऊन गाडीपाशी बसला होता. बायकोसाठी गाडी नीट करतोय, असं वाटून तिनंच त्याला चहा नेऊन दिला होता.

सीटखालचा पाना काढून तिनं तार आवळली. "बस गं रेवती. क्लच पुरा दाब आणि हळू सोड." पहिला पडला, दुसरा पडला, तिसरा कधी पडला ते कळलंसुद्धा नाही. गाडी मैदानाला वळसा घालून गेली.

हणमंताचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं. पाना त्याच्या पायाशी टाकत ती म्हणाली, "तुझा बाप माझ्यावर हात उगारायचा, पण समोर उभा राहून. तू त्याच्याहूनही हलका निघालास."