रस्त्याकडे वळलेले जोडे

पाहुणे आत बसले की त्यांचे जोडे रस्त्याकडे तोंड करून ठेवायचे, हे अल्बानियातल्या श्कोद्रा शहरात प्रत्येक घरी पोरींचं काम. घरच्यांचे जोडे मात्र घराकडे तोंड करून.

गेल्या वर्षी एका सकाळी वितोरेला बाबांचेच जोडे रस्त्याकडे वळलेले दिसले. तिने ते घराकडे फिरवले. दुपारी कम्युनिस्ट पक्षाविरुद्ध बोलल्याबद्दल बाबांना धरून नेलं.

तेव्हापासून शाळेत सगळे तिला ‘शत्रूची पोर’ म्हणत. तिला मात्र एकच गोष्ट खात राहिली, की जोडे फिरवायला आपल्याला उशीर झाला.

आज बाबांना पाठवलेलं पार्सल तुरुंगातून न उघडताच परत आलं. आई त्यातल्या लोकरी मोज्यांची घडी मोडत होती, पुन्हा घालत होती.

"आई, माझे जोडे तू फिरवलेस?"

"नाही गं. का?"

"तुझेही रस्त्याकडे वळलेत."

आईचे हात थांबले. मग ती हळूच म्हणाली, "वितो, तुझा जाड कोट पेटीतून काढून ठेव, बाळा."

वितोरे उंबऱ्याशी धावली. तिने दोन्ही जोड घराकडे वळवले आणि गुडघे टेकून तळहातांनी गच्च दाबून धरले.

तळहातांखाली ते सावकाश वळू लागले.