फियाटला छप्पर

भालचंद्ररावांनी ताडपत्री ओढून काढली आणि त्यांच्या तोंडून शिवीच निघाली. आतून घाम फुटल्यासारखं पाणी गळत होतं. जुन्या फियाटच्या टपावरचा रंग पुन्हा फुगला होता.

महाबळेश्वरच्या थंडीत ही गाडी याआधी कधी बाहेर राहिली नव्हती. पण दिवाळीआधी त्यांच्या मुलानं, निषादनं, गॅरेजमध्ये पलंग टाकून ते पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून भालचंद्रराव रोज सकाळी गाडी पुसत, वाळवत, इंजिनात शिरलेल्या उंदरांना हाकलत. तरी दारांखाली गंज चढतच होता.

“बाबा, आणखी चांगलं कव्हर आणू या.”

“कव्हरं घालून थकलो मी! तिला छप्पर हवंय!”

“मग पाहुण्यांना कुठं झोपवू?”

भालचंद्रराव तरातरा आत गेले. आपली गादी गुंडाळून त्यांनी बाहेरच्या खोलीत आणून टाकली.

“माझी खोली दे त्यांना. खिडकीतून दरी दिसते, खूश होतील.”

निषाद गादीकडे बघत राहिला.

दुपारी त्यानं गॅरेजमधला पलंग काढला. भालचंद्ररावांनी फियाट आत घेतली. ते घरात आले, तेव्हा निषाद त्यांच्याच खोलीत त्यांची गादी अंथरत होता.